‘नावीन्यात अग्रेसर’ला पर्याय सुचवा, मानपत्र लिहायचंय

तासगावचा_मास्तर

मंडळी, थोडी मदत. रविवारी आमच्या सोसायटीतर्फे गावातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा सत्कार आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, एवढ्या गुन्ह्यावर मानपत्र माझ्या गळ्यात पडलंय. खर्डा केला, पण दर दुसऱ्या ओळीत ‘अग्रेसर’ नाहीतर ‘नावीन्यपूर्ण’. वाचताना मलाच झोप आली.

माणूस सांगतो, म्हणजे शब्द सुचवायला बरं. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की आमच्याकडे सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. ऐन फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, कोवळे घड कुजतात, रात्री-बेरात्री औषध मारायला ट्रॅक्टर काढावा लागतो. या गड्याने गावात सगळ्यांच्या आधी वेलींच्या मंडपावर लोखंडी कमानी उभ्या केल्या आणि वर प्लॅस्टिक ओढलं. अनुदानाची वाट बघितली नाही, घरचे पैसे घातले. ‘द्राक्षाला रेनकोट घातलाय’ म्हणून पारावर खिल्ली उडाली. आता तेच लोक टेप घेऊन कमानींची मापं काढायला जातात.

अट एकच. मानपत्र चेअरमन माइकवर वाचणार आहेत. जोडाक्षरांची मोळी नको.

खिळे_जुळारी

मास्तर, आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं, त्यामुळे मानपत्रं डोळ्यांखालून पुष्कळ गेली. ‘अग्रेसर’ वाईट नाही हो, पण बँकेपासून बनियनच्या जाहिरातीपर्यंत सगळेच अग्रेसर झाल्यावर त्यात जीव राहिला नाही. ‘अग्रणी’, ‘अग्रदूत’ त्याच घरातले.

तुमच्या माणसाला ‘बिनीचा शिलेदार’ म्हणा. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. पेशव्यांचे सरदार विसाजीपंत बिनीवाल्यांचं ‘बिनीवाले’ त्यातलंच. पण मला त्यात ‘शिलेदार’ जास्त आवडतो. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. घोडा पडला तर नुकसान त्याचंच. अनुदानाआधी घरच्या पैशाने प्लॅस्टिक ओढणारा माणूस शिलेदारच की! अनुदान जाहीर झाल्यावर आले ते बारगीर (हे मानपत्रात लिहू नका, निम्मी सोसायटी उठून जाईल).

दुसरा शब्द ‘धुरीण’. ऐकायला पंडिती वाटतो, पण आहे शेतातला. धुरा वाहणारा, जुवाला खांदा देणारा तो धुरीण. पुढाऱ्यांनी तो पळवला, आपण परत आणू.

‘अध्वर्यू’ मात्र नको. चेअरमन तिथे हमखास अडकतील.

नान्नजकडचा

‘आद्य’, ‘पहिले’, ‘जनक’ यांच्यापासून जपा. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके म्हणावं, तर कोणीतरी उठून सांगतंच की ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा आणि दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ 1912 चा. मग ते चित्रित केलेलं नाटक होतं की चित्रपट, यावर रात्र जाते. तुमच्या सभेतही मागच्या रांगेतून आवाज येईल, ‘आमच्या मेव्हण्याने त्याच्या आधी टाकलं होतं.’

‘जनक’ कोणाला शोभतो? तुमच्याच तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आरवे किंवा आमच्या नान्नजचे नानासाहेब काळे. थॉम्सन सीडलेस या जुन्या द्राक्षवाणाच्या बागेतला वेगळेपणा हेरून एकाने तास-ए-गणेश दिलं, दुसऱ्याने लांब मण्यांचं सोनाका. ती नवी वाणंच. प्लॅस्टिक तुमच्या गड्याने शोधलेलं नाही, पण गावात आणायची छाती केली. तेव्हा ‘पायंडा पाडला’, ‘वाट पाडली’ असं काहीतरी लिहा.

मिरजेची_माई

‘मुहूर्तमेढ रोवली’ कसं विसरलात सगळे? लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब. इथे तर माणसाने खरोखरच मंडपात खांब रोवलेत. चेअरमनना ‘ढ’ जड जात असेल तर दोनदा म्हणून घ्या.

आणि ‘प्रगतशील शेतकरी’ अजिबात नको. एक तर तो शब्द ‘प्रगतिशील’ असा आहे, आणि दुसरं म्हणजे फ्लेक्सवर ज्याचा फोटो तो प्रगतशील. ‘प्रयोगशील’ एकदाच वापरा, चालेल.

बाकी ते ‘द्राक्षाला रेनकोट’ मानपत्रात जसंच्या तसं घाला. टाळ्या तिथेच पडतील.

तासगावचा_मास्तर

खिळेकाका, शिलेदार नक्की. माई, रेनकोटही घातला, पण खिल्ली उडवणाऱ्यांत खुद्द चेअरमन होते ही अडचण आहे. सध्या वाक्य असं झालंय: ‘पावसाच्या भीतीने सारे आभाळाकडे पाहत असता, घरचा पैसा घालून गावात आच्छादित बागेची मुहूर्तमेढ रोवणारे आपण बिनीचे शिलेदार.’

‘आच्छादित’ला काही सोपं आहे का? फ्रेमवाला उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे.

खिळे_जुळारी

‘झाकलेल्या बागेची’ लिहा आणि पाठवून द्या.