१९५/६५ आर १५ टायर: मिशेलिन, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेन्टल की योकोहामा?

रस्ताभर:
सेडान, पुढच्या चाकांची चाल. कंपनीचं माप १९५/६५ आर १५ ९१एच (रुंदी १९५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच; ९१ हा भाराचा आणि एच हा वेगाचा निर्देशांक). पुढच्या टायरची नक्षी २ मिमीवर आली आहे, मागची ४ मिमी आहे. वापर मुख्यतः हायवेवर, पाऊस भरपूर, शेवटचे थोडे किलोमीटर खड्ड्यांचे. मला आधी ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला हवा, मग कमी आवाज, आयुष्य त्यानंतर. लोकांचे अनुभव वाचून गोंधळ वाढतो: तोच टायर कुणाचा ३० हजार किमीत गुळगुळीत, कुणाचा ७० हजारांतही ठणठणीत. दोनच बदलले तर चालतील का? आणि १६ इंची रिम घ्यावी का?

नक्षीकाम:
कंपनी विरुद्ध कंपनी ही तुलनाच मुळात चुकीची. टायर निवडताना आधी मालिका बघायची, नाव नंतर. मिशेलिनमध्ये प्रायमसी आरामासाठी, पायलट स्पोर्ट पकडीसाठी. ब्रिजस्टोनची टुरान्झा शांत, इकोपिया इंधन वाचवणारी, पोटेन्झा वेगवान गाड्यांची. कॉन्टिनेन्टलची कम्फर्टकॉन्टॅक्ट नावाप्रमाणेच आहे, तर योकोहामाची ब्लूअर्थ इंधनबचतीकडे झुकलेली आणि अ‍ॅडव्हान पकडीकडे. इकोपियाची प्रायमसीशी तुलना करून 'ब्रिजस्टोन वाईट' म्हणणारे खूप भेटतात.

रबरात तीन गोष्टींची ओढाताण असते: ओली पकड, आयुष्य आणि इंधनबचत (टायर फिरताना होणारा रोध कमी ठेवणं). एक वाढवली की दुसरी सहसा घटते. सिलिका वापरून हे गणित बरंच सुधारलं, तरी फुकटात काही मिळत नाही. ७० हजार चालणारा टायर आणि पावसात सर्वात लवकर थांबणारा टायर एकच निघेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक मेख. गाडीसोबत आलेला टायर आणि दुकानातला त्याच नावाचा टायर नेहमी हुबेहूब असतोच असं नाही. काही वाहननिर्माते स्वतःच्या मागणीनुसार टायर बनवून घेतात. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ अशा खुणा त्यासाठीच असतात. म्हणून अनुभव वाचताना माप आणि खूण दोन्ही जुळतात का ते बघा.

चाकोरी:
वरचं पटलं, पण कंपनी अगदीच गौण नाही. साइडवॉलचा कडकपणा हा बऱ्याच कंपन्यांचा ठरलेला स्वभाव असतो. मऊ साइडवॉल धक्का छान गिळते, पण खड्ड्यात ती रिमच्या कडेला चिमटली तर आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, तो काढूनच टाकायचा. मात्र फुग्याचा दोष थेट कंपनीवर टाकण्याआधी हवा किती होती ते विचारा. हवा कमी असली की चिमटणं फार सोपं होतं.

लेबल कसं वाचायचं: युरोपीय लेबलवर ओली पकड आणि इंधन यांना ए ते ई श्रेणी असते. तुमच्यासाठी ओल्या पकडीत ए किंवा बी, त्याखाली उतरू नका. त्यावरचा डेसिबलचा आकडा गाडीबाहेर ऐकू येणाऱ्या आवाजाचा आहे. आतली घरघर गाडीच्या इन्सुलेशनवर आणि रस्त्याच्या पृष्ठभागावरही ठरते, त्यामुळे तो आकडा पाहून आरामाचा अंदाज बांधू नये. अमेरिकी पद्धतीतला 'ट्रेडवेअर' (नक्षी किती टिकेल याचा) अंकही जपून घ्या. ४०० चा टायर २०० च्या दुप्पट टिकायला हवा हे कागदावर ठीक, पण अंक कंपनी स्वतःच ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत तो उपयोगी, दोन कंपन्यांमध्ये ढोबळच.

अक्षरेषा:
३० आणि ७० हजारांचं कोडं बहुधा टायरमध्ये नसतंच. तक्रार करणाऱ्याला विचारा, टायर कुठून खाल्ला?

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मध्यभागी पट्टा झिजला तर हवा जास्त. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं). हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग तपासा. 'टायर आवाज करायला लागला' या तक्रारींतला मोठा वाटा या शेवटच्या दोघांचा असतो, आणि शिव्या मात्र कंपनीला.

हवा थंड टायरमध्येच मोजायची, आकडा दाराच्या खांबावरच्या पट्टीचा. साइडवॉलवर असतो तो कमाल दाब, तो भरायचा नसतो. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतं. टायरांची अदलाबदल ८ ते १० हजार किमीला. तुमच्या गाडीत पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका, फक्त पुढचे मागे आणि मागचे पुढे.

रस्ताभर:
म्हणजे आधी अलाइनमेंट (चाकांचे हे कोन तपासणं). पण दोन की चार, आणि १६ इंच?

नक्षीकाम:
दोन घेतलेत तर नवे मागे लावा, मागचे ४ मिमीवाले पुढे आणा. अनेकांना हे उलटं वाटतं. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. नक्षीची १.६ मिमी खोली ही बऱ्याच देशांत कायदेशीर मर्यादा आहे, पण ३ मिमीखाली पाणी बाहेर फेकण्याची क्षमता झपाट्याने घसरते. तुमच्या पावसाचा विचार करता ४ मिमीवालेही फार दिवस टिकणार नाहीत, म्हणून जमत असेल तर चारही घ्या.

१६ इंचावर २०५/५५ आर १६ जुळतं. बाहेरचा व्यास ६३४.५ वरून ६३१.९ मिमी होतो, स्पीडोमीटरला फरक जाणवणार नाही. पण साइडवॉलची उंची १४ मिमीने कमी होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर मी तरी १५ वरच थांबा म्हणेन. भार निर्देशांक ९१, म्हणजे ६१५ किलो, त्याखाली नको. एच म्हणजे २१० किमी/तास. व्ही मिळाला तर चालेल, टी घेऊ नका.

चाकोरी:
दुकानात साइडवॉलवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, ती बनवल्याची तारीख. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जुना माल बाजूला ठेवायला सांगा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठीचा थर असतो, पहिले २००-३०० किमी पावसात जोरात ब्रेक मारू नका. आणि ५०-१०० किमीनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. बसवताना हवेच्या गनने आवळले असतील तर हे नक्कीच करा.