मदत हवी आहे: नोकरीचे अर्ज सॉफ्टवेअरने चाळायचे, तर नियम काय ठेवायचे?

नमस्कार मंडळी, आमच्या ऑफिसात नोकरीचे अर्ज चाळायला एक एआय सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय आणि ते कसं वापरायचं याचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विकणारे म्हणतात शेवटचा निर्णय माणूसच घेतो, पण डेमोत बघितलं तर 'नाकारा' वर आधीच टिक असते, तसंच पुढे जायचं तर एक क्लिक आणि बदलायचं असेल तर कारण टाईप करायचं, मग घाईत असलेला माणूस काय करणार सांगा ना! याला माणसाचा निर्णय म्हणायला मी तरी तयार नाही.

युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यातलं कलम 22 वाचलं, फक्त मशीनने घेतलेल्या मोठ्या परिणामाच्या निर्णयाविरुद्ध तिथे हक्क आहे, पण नावापुरता माणूस बसवला की झालं का? न्यूयॉर्क शहरात 2023 पासून अशा टूल्सचं दरवर्षी बायस ऑडिट, म्हणजे ते कुणाशी भेदभाव करतं का याची तपासणी, लागतं, ते मला पटलं. ॲमेझॉनचं प्रकरण तर माहितीच असेल, जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावरच शिकवलेलं मॉडेल बायकांचे अर्ज खाली ढकलायला लागलं, शेवटी बंद करावं लागलं.

कोणी असे नियम प्रत्यक्षात लिहिलेत का? नाकारलेल्या उमेदवाराला कारण किती खोलात द्यायचं आणि ऑडिट सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडूनच करून घ्यायचं की बाहेरच्याकडून, एवढं प्लीज सांगा. खरंच लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे हो.