कोबीचा गड्डा धरत नाहीये, मदत हवी आहे

पानवेल: कोबी लावून अडीच महिने झाले. पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी झालीत, पण मधे गड्ड्याचा पत्ता नाही. पाणी, खत सगळं वेळेवर आहे. उपटू की थांबू? लवकर सांगा प्लीज, तिथे दुसरं काही लावायचंय.

काळीमाती: कुंडीत की वाफ्यात? जात कोणती? खत म्हणजे नेमकं काय?

पानवेल: वाफ्यात. सहा रोपं. पाकीट फेकून दिलं. खत युरिया, दर दहा दिवसांनी.

रानफूल: युरिया आधी बंद करा! नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांवर जातं. मी गांडूळखताशिवाय काही घालत नाही, गड्डे घट्ट येतात.

काळीमाती: गांडूळखतातही नत्र असतंच. एकट्या युरियाला दोष देऊ नका. पानवेल, दोन रोपांत अंतर किती?

पानवेल: वीतभर.

काळीमाती: फार दाट झालं. दीड फूट तरी हवं, नाहीतर गड्डे बारीक राहतात.

सदाफुली: फ्लॉवरचा गड्डा पिवळा पडू नये म्हणून त्याचीच पानं वर ओढून सुतळीने बांधायची. मी दरवर्षी करते.

रानफूल: ताई, प्रश्न कोबीचा आहे.

वाफा_१२: अडीच महिने बी पेरल्यापासून की रोपं वाफ्यात लावल्यापासून?

पानवेल: पेरल्यापासून. वाफ्यात लावून सहा आठवडे झाले असतील.

वाफा_१२: मग घाई कशाला? हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या जातीसुद्धा लावणीनंतर 60-70 दिवस घेतात, उशिरा येणाऱ्या गरव्या 100 च्या पुढे जातात. शिवाय गड्डा भरायला 15 ते 20 अंशांची थंड हवा लागते. तुमच्याकडे आत्ता कशी आहे?

पानवेल: लावली तेव्हा चांगलंच गरम होतं. आता आठवडाभर रात्री गार पडतंय.

रानफूल: पानांना भोकं आहेत का? कडुलिंबाचं तेल फवारा.

काळीमाती: भोकं आहेत असं कुणी म्हटलंय का? आधी बघू तर द्या. पानवेल, प्रत्येक रोपाच्या मधल्या पानांवर बोट दाबून बघा.

पानवेल: आत्ताच बघून आले. चार रोपांची मधली पानं वाटीसारखी आत वळलीत, दाबली की पोकळ लागतात. उरलेल्या दोघांना मधला कोंबच नाही, तिथे हिरव्या बारीक लेंड्या पडल्यात.

काळीमाती: त्या दोघांचा कोंब अळीने खाल्लाय, आता त्यांना धड गड्डा यायचा नाही. ती काढा, बाकीच्यांना जागाही मिळेल. चौघांच्या पानांखाली रोज सकाळी बघा आणि अळ्या हाताने वेचा.

रानफूल: आणि तेल फवारा.

पानवेल: दोन काढली. चार ठेवतेय.