मदत हवी आहे : वाहतूक नियोजनातील पदव्युत्तर शिक्षण, अभियांत्रिकीकडून की धोरणाकडून?

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून सध्या अंधेरीतील एका सल्लागार संस्थेत वाहनगणनेचे काम करतो. मात्र सिग्नलच्या सेकंदांपेक्षा, घाटकोपरला मेट्रोतून उतरलेला प्रवासी लोकल गाठताना पुलावर का अडकतो आणि बेस्ट बसचा थांबा स्थानकाच्या दारापासून इतका लांब का पडतो, हे प्रश्न मला अधिक खुणावतात. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व देण्याची भूमिका २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने घेतली खरी. पदपथांकडे पाहून ते जाणवत नाही, ही गोष्ट वेगळी.

आयआयटी मुंबईतील एम.टेक. स्वाभाविकपणे अभियांत्रिकीकडे झुकलेले आहे, तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वाहतूक नियोजनाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी मिळते. या दोन्हींपैकी एखादा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनी कृपया सांगावे की, तिकीटदर, अनुदान आणि रेल्वे, महापालिका व एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्यातील समन्वय यांसारखे विषय प्रत्यक्षात कितपत शिकवले जातात? शिवाय, नियोजनाची पदवी घेतलेल्या अभियंत्याला मुंबईत परत आल्यावर नेमके कोणत्या स्वरूपाचे काम मिळते? घरच्यांना मुख्यत्वे याच प्रश्नाचे उत्तर हवे आहे.