'आनंद करा' म्हणजे नक्की काय करा?

धागाकर्ती:
आईला घरी आणून तीन आठवडे झाले. मेंदूत गाठ आहे, आता औषधं फक्त त्रास कमी व्हावा म्हणून. तिला वाचता येईनासं झाल्यापासून रोज दिवेलागणीला मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवते. मी जन्माने ख्रिस्ती, पण नाताळपुरती. बाकीचे रविवार झोपेचे. आईसाठी म्हणून वाचत होते ते कधी माझ्यासाठी वाचायला लागले, कळलं नाही. आमच्याकडे याला 'विश्वासात येणे' म्हणतात. (बाहेर 'विश्वासात घेणे' जास्त चालतं, आणि त्यात बहुधा कुणीतरी गंडतं.)

तर अडचण अशी. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, "आईची तब्येत उतरतेय, पण घरी आनंद आहे." पाच मिनिटांत धाकट्या मामाचा फोन. "काय झालं? कोण भांडलं?" त्याने ते 'सगळा आनंदच आहे' असं वाचलं होतं! बरं, 'आनंद होतो' लिहावं तर लग्नपत्रिका वाटते, शिवाय आई चालली म्हणून आनंद होतो असा भलताच अर्थ निघतो. शास्त्रात फिलिप्पैकरांच्या पत्रात तिसरंच आहे: 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.' आनंद 'करा'? अभ्यास करा, पोळ्या करा, तसा? हे मराठी आहे की भाषांतरात झालेली ओढाताण?

व्याकरणवेडा:
ओढाताण मुळीच नाही. पोर झालं, गड घेतला की पूर्वी लोक 'आनंद करीत', साखर वाटीत. आपण आजही 'मजा कर', 'चैन कर' म्हणतोच, तेव्हा कुणाला पोळ्या आठवत नाहीत. 'आनंद कर' तेवढं मागे पडलं आणि तुमच्या चर्चमध्ये टिकून राहिलं.

'मला आनंद झाला' या वाक्यात आनंद कर्ता आहे, मी नुसता 'मला'. काहीतरी घडावं लागतं आणि मग तो होतो. 'आनंद करा'मध्ये मात्र तुम्ही कर्ते. तुमच्या घरात आनंद 'होण्या'सारखं काही घडलेलं नाही, म्हणून ते क्रियापद खोटं वाटतंय. 'आहे'ला औपरोधिक वास लागलाय तो त्या 'च'मुळे, आणि 'च' लिहिला नाही तरी आपल्याला ऐकू येतो. मामांचा दोष नाही.

मूळ ग्रीक शब्द 'खैरेते'. याच क्रियापदाने ग्रीक लोक एकमेकांना भेटताना, निरोप घेताना अभिवादन करत. देवदूत येशूच्या आईला, मरीयेला, पहिल्यांदा हाक देतो तेव्हाही ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे, एकवचनात. मराठीत तिथे 'कल्याण असो' आहे. आणि प्रेषित पौलाने हे फिलिप्पैकरांना पत्र बंदिवासातून लिहिलंय. त्याच पत्रात 'मरणे हे लाभ' असंही आहे. लाभ! हा तर वहीखात्यातला शब्द.

वसईकर:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे हा प्रश्न कॅलेंडरच सोडवतं. रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं (येशू-मरीयेच्या आयुष्यातले प्रसंग), मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची. बाबांच्या शेवटच्या सोमवारी खाटेभोवती बसून आम्ही आनंदाचीच म्हणत होतो. मला ते बोचलं होतं, खरं सांगतो. आत्याला म्हटलं, आज तरी बदलूया. ती म्हणाली, "चौथं रहस्य काय आहे ते बघ आणि मग बोल."

चौथं म्हणजे बाळ येशूला मंदिरात नेतात ते. तिथे म्हातारा शिमोन बाळाला हातात घेतो आणि देवाला म्हणतो, आता मला शांतीने जाऊ दे, तुझं तारण मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मरायला तयार झालेला म्हातारा आनंदाच्या यादीत आहे, दुःखाच्या नाही. लहानपणापासून हजारदा म्हटलं असेल, त्या दिवशी ऐकलं.

अवांतर: 'तारण' शब्दाची मजा बघा. चर्चबाहेर पडलं की समोरच्या पतपेढीच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज'.

एक वाचक:
'सोहळा' कसा वाटतो? तुकोबांनी आपलं मरण डोळ्यांनी पाहिलं त्याला सोहळाच म्हटलंय.

व्याकरणवेडा:
तुकोबा स्वतःच्या मरणाबद्दल बोलतात. दुसऱ्याच्या, त्यातून आईच्या, मरणाला लेकीने सोहळा म्हणायचं म्हणजे धाडस आहे. शिवाय आता सोहळा म्हटलं की पुढे लग्न, सत्कार नाहीतर उद्घाटन येतं.

एक वाचक:
मग 'निवणे'? डोळे निवले, जीव निवला. 'घरी सगळे निवलो आहोत.'

धागाकर्ती:
शब्द सुंदर आहे, पण रात्री दर तासाला उठून मी आईचे तळपाय हाताने चाचपते. अंग निवायला लागणं म्हणजे काय ते आम्ही दोघी जाणतो. तो शब्द या घरात आत्ता नको.

व्याकरणवेडा, 'मला' आणि 'मी'चा फरक पटला. त्यावरून परवाचं सांगते. तेविसावं स्तोत्र वाचत होते. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' इथवर आवाज धड राहिला. पुढे 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' आलं आणि मी 'तुझी' म्हणून थांबलेच. गाठीमुळे आईला आकडी येते. त्या दिवशी सकाळीच येऊन गेली होती, जीभ चावली गेलेली, ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. मला 'आकडी' हा शब्द तोंडातून काढवेना.

आईने डोळे उघडले. "अडलीस कुठे? आकडी." मग हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. "माझी नव्हे गं, त्याची!" आई निवृत्त शिक्षिका, त्यामुळे धडा सुरू झाला, एकेक शब्दाला दम घेत. तिच्या आजोबांकडे शेळ्या होत्या. लांब काठीच्या टोकाला लोखंडी आकडी, तिने बाभळीची फांदी खाली ओढायची, शेंगा झडल्या की शेळ्या धावत यायच्या. ती सहा वर्षांची असताना ती काठी तिला उचलायची नाही, म्हणून आजोबा मागून धरायचे. एवढं बोलून ती दमली आणि झोपली. मी तिथेच बसून हसत होते आणि रडत होते. मला काही 'झालं' नव्हतं. मी ते करत होते.

हिब्रूचा विद्यार्थी:
शब्द निघालाच आहे म्हणून. स्तोत्रातले मूळ दोन शब्द 'शेबेत' आणि 'मिशएनेत'. पहिला म्हणजे सोटा, दांडका. दुसरा 'रेलणे' या अर्थाच्या धातूवरून, म्हणजे जिच्यावर भार टाकायचा ती. आकडा दोन्हींत नाही. 'आंकडी' हे मराठी भाषांतरकाराचं देणं, बहुधा इथल्याच रानातून उचललेलं. सोट्याने लांडगा हाणता येतो, पण वरची फांदी खाली आणायला आकडीच हवी.

धागाकर्ती:
सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. 'जिच्यावर भार टाकायचा ती' हे तिने दोनदा वाचायला लावलं. सोहळ्याला नाक मुरडलं. शिमोनावर काही बोलली नाही, नुसती मान हलवली. हिब्रूच्या विद्यार्थ्यासाठी निरोप आहे: न उच्चारलेले अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत गेले, 'आकडी' लिही म्हणावं.

ग्रुपवर आता एवढंच टाकलंय: "आई थकली आहे. संध्याकाळी सातला आम्ही आनंद करतो. ज्यांना यायचं त्यांनी या, चहा आहे." मामा काल आला होता. शास्त्र नको म्हणाला, पण बाभळीच्या शेंगा त्यालाही आठवत होत्या, आणि ती काठी आजोबांची नव्हे, चुलत्यांची होती यावरून दोघं बहीणभाऊ साडेआठपर्यंत भांडत होते.