मदत हवी आहे: कुत्र्याला घेऊन फिरता येईल अशी गाडी सुचवा (तातडीने)

गडबड्या:
मंडळी, याच आठवड्यात गाडी बुक करायची आहे. घरी कुत्रा आहे आणि तो सगळीकडे बरोबर येतो. बायको म्हणते सेडान, मी म्हणतो एसयूव्ही. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय, जो तो मायलेज आणि सनरूफचीच टकळी लावतो. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनीच सांगा, आणि कृपया थोडक्यात.

तिसरा_गिअर:
एसयूव्ही. विषय संपला.

ओसरी:
कुत्रा केवढा? पगही कुत्राच आणि ग्रेट डेनही कुत्राच. वय किती? गाडीत माणसं किती असतात?

गडबड्या:
लॅब आहे हो, नेहमीसारखा.

ओसरी:
नेहमीसारखा म्हणजे २५ किलो की ४०? बाकीचे दोन प्रश्न तसेच राहिले.

शेपटीवाली_ताई:
सेडान आधी बाद करा. तिची डिकी बंद पेटी असते, म्हणजे कुत्रा कायम मागच्या सीटवर. हॅचबॅक, एमपीव्ही (बहुधा तीन रांगांची फॅमिली गाडी), स्टेशन वॅगन (छत डिकीवरूनही मागपर्यंत गेलेली लांब गाडी) यांत डिकी आणि केबिन एकच असतं, मधे जाळी लावली की काम झालं. मागची काच उतरती असलेल्या कूपेछाप एसयूव्हीच्या नादी लागू नका. कागदावर डिकी इतके लिटर, तितके लिटर. प्रत्यक्षात कुत्रा उभा राहिला की डोकं काचेला. टेप घेऊन जा आणि दार लावल्यावर काचेपाशी उंची किती उरते ते मोजा. चाकांच्या कमानींमधली रुंदीही मोजा. आणि सीएनजीचा विचार असेल तर टाकी बहुतेक वेळा डिकीतच येते, ते विसरू नका.

तिसरा_गिअर:
कशाला एवढा बाऊ? आमचा जर्मन शेफर्ड मागच्या सीटवर बसतो, खिडकीतून डोकं बाहेर, मजेत.

चिमटा:
मजेत आहे तोवर ठीक. डोळ्यात खडा गेला की डॉक्टर गाठावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे पॉवर विंडोच्या बटणावर पंजा पडतो, काच वर येते आणि मान अडकते. ड्रायव्हरच्या दारावर मागच्या काचा लॉक करायचं बटण असतं, ते दाबून ठेवा. कुत्र्याला छातीचा हार्नेस घालून सीटबेल्टला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. पुढच्या सीटवर तर मुळीच नको, एअरबॅग माणसाच्या मापाने बनवलेली असते.

तिसरा_गिअर:
कुत्र्याला सीटबेल्ट! उद्या हेल्मेटही घाला.

चिमटा:
५० च्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर ३० किलोचा कुत्रा जागेवर धरून ठेवायला साधारण ६०० किलो वजनाइतका जोर लागतो. शाळेतलं गणित आहे, करून बघा. आणि तुमच्या शेफर्डच्या थेट पुढे कोण बसतं ते आठवा.

शेपटीवाली_ताई:
हार्नेसपेक्षा क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, बरा.

चिमटा:
क्रेट पट्ट्यांनी बांधलेला असेल तर. मोकळा क्रेट कुत्र्यासकट उडतो. अमेरिकेतली सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था हार्नेस आणि क्रेट दोन्हींच्या धडक-चाचण्या घेते. पाकिटावर ‘क्रॅश टेस्टेड’ छापलंय म्हणून भुलू नका.

वीजबिल:
इलेक्ट्रिक घ्या! बहुतेकींत मधला उंचवटा नसतो, मागची फरशी सपाट. टेस्लाने २०१९ मध्ये डॉग मोड आणला, गाडी उभी असतानाही एसी चालू राहतो. आता इतरही काही गाड्यांत तशी सोय आहे. नाहीतर बाहेर २४ अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ होतात आणि अर्ध्या तासात ४३. काच बोटभर उघडी ठेवून काही फरक पडत नाही.

निवांत:
एसीचं पटलं. पण इलेक्ट्रिकमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच आवरते, तो झटका कुत्र्यांना बाधतो. लाळ गळायला लागली की समजा, पुढच्या वळणावर ओकारी. रीजन (पाय काढल्यावर आपोआप लागणारा हा ब्रेक) सगळ्यात कमीवर ठेवा, निघायच्या आधी काही तास पोट रिकामं ठेवा.

मुंगूस:
लॅबचे केस फार गळतात. पूडल घेतला असता तर सीट साफ करायचा प्रश्नच आला नसता.

गडबड्या:
केसांचं विचारलं कुणी? बरं, घ्या तपशील. वजन ३८ किलो, वय दहा. मागचे पाय हल्ली धड चालत नाहीत, उचलून बसवावं लागतं. गाडीत आम्ही दोघं आणि आई. आई मागे बसते, तिचे गुडघे दुखतात. आता सांगा, सेडान की एसयूव्ही?

ओसरी:
दोन्ही नको. गडबड्याभाऊ, इथे लिटर नाही, जमिनीपासून डिकीच्या ओठापर्यंतची (खालच्या काठापर्यंतची) उंची बघायची. आमचा म्हातारा पुढचे दोन पंजे डिकीवर टेकवायचा आणि मान वळवून बघत राहायचा, मागचा भाग आता तुम्ही उचला म्हणून. बंपरचा रंग नखांनी गेला, आणि माझी कंबर गेली ती वेगळीच. रॅम्प घ्यालच, पण हिशेब बघा: दीड मीटरचा रॅम्प पाऊण मीटर उंच डिकीला लावला तर चढ ३० अंशांचा होतो. तोच अर्ध्या मीटरच्या डिकीला लावला तर विशीच्या आत. दुखऱ्या कंबरेचा लॅब ३० अंश चढणार नाही, अर्ध्यात बसेल. उतरताना तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून उडी मारू देऊच नका. एसयूव्हीची डिकी बहुधा उंचच असते. बुटक्या फरशीची एमपीव्ही किंवा स्टेशन वॅगन बघा, तिसरी रांग पूर्ण सपाट दुमडणारी. आईंनाही चढायला सोपं जाईल.

तिसरा_गिअर:
एमपीव्ही म्हणजे टॅक्सी दिसते.

ओसरी:
दिसू दे. ३८ किलो रोज तुम्ही उचलायला येणार का?

गडबड्या:
बायकोलाही टॅक्सीच वाटते. असो, उद्या शोरूमला टेप नेतो. कुत्र्याला नेऊ का?

ओसरी:
आधी फोन करून विचारा आणि न्याच. रॅम्पही न्या, पण तो आज घरात जमिनीवर आडवा टाकून त्यावरून चालवा, नाहीतर तिथे पाऊल टाकणार नाही. डिकीत बसवा, दार लावा, आईंना मागे बसवा आणि एक चक्कर मारा. वळणावर तो उभाच राहिला तर जागा अपुरी आहे किंवा पाय घसरतोय. आडवा झाला तर चालेल. एसीची हवा डिकीपर्यंत पोचते का तेही तिथे हात धरून बघा, कित्येक गाड्यांत पोचत नाही.

शेपटीवाली_ताई:
घसरण्यावरून आठवलं, डिकीतली फुकटची प्लास्टिक मॅट निरुपयोगी असते. जाड रबरी घ्या, आणि ती ओठाबाहेर बंपरवर लोंबेल इतकी लांब कापून घ्या.