टोचलेल्या कानाच्या वरच्या कडेत बुगडी घालायची आहे. दांडीचे माप कसे ठरवावे?

प्रश्न

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी उजव्या कानाची वरची कड टोचून घेतली. त्या वेळी टायटॅनियमची, मागे सपाट चकती असलेली दांडी घातली गेली. तिची जाडी १.२ मिलिमीटर आणि लांबी ८ मिलिमीटर आहे. सूज केव्हाच उतरली, परंतु आता दांडी मागेपुढे सरकते, केसांत अडकते आणि छिद्रालगत बारीक गाठ आली आहे. मार्गशीर्षात घरी लग्न असून त्यात आजीची मोत्यांची बुगडी घालण्याची माझी मनापासून इच्छा आहे. तिचा खिळा दांडीपेक्षा बराच बारीक दिसतो. ती आता घालता येईल का?

उत्तर १

ताई, आधी दांडीची लांबी पाहा, कारण गाठीचे मूळ बहुधा तिथेच आहे. सुरुवातीला लांब दांडी घालतात ती सुजेला जागा मिळावी म्हणून. साधारण चार ते आठ आठवड्यांत सूज ओसरली की ती बदलून आखूड घालावी लागते, नाहीतर ती कलते आणि छिद्राची एकच कड सतत दाबली जाते. पुष्कळांना ६ मिलिमीटरची दांडी बसते, तरीही कान मोजूनच ठरवावे. जाडी मात्र तीच ठेवा. बारीक खिळा घातल्यास छिद्र आकसते आणि पुन्हा जाड दांडी जात नाही. शिवाय बारीक तारेवर वजन लटकले की ती कानात रुतत जाते. दुकानात माप गेजमध्ये सांगतात, तेव्हा आकडा वाढला की दांडी बारीक होते हे ध्यानात असू द्या: १६ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, १८ म्हणजे १ आणि २० म्हणजे ०.८.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पण माझ्या मते या लग्नात उजव्या कानात बुगडी घालूच नये. कूर्चेला, म्हणजे कानाच्या वरच्या भागातल्या लवचिक कुरकुरीत हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण भोवतालच्या आवरणातून होते, म्हणून ही जखम आतून भरायला सहा महिने ते वर्ष लागते. जुन्या दागिन्यांच्या डागामध्ये, म्हणजे सांधे जोडायच्या मिश्रणात, कोणते धातू मिसळले आहेत हेही सांगता येत नाही, आणि मुलाम्याचे दागिने तर भरत्या जखमेत नकोतच. 'सर्जिकल स्टील'मध्येही ॲलर्जी करू शकणारे निकेल असते. हौस असेल तर डाव्या, न टोचलेल्या कानाला काही तास दाबाची बुगडी लावा. उजव्या कानावर तसला दाब नको.

उत्तर ३

जखम पूर्ण भरल्यावर आजीची बुगडी अवश्य घाला, एवढेच की सोनाराकडून तिचा खिळा बदलून घ्या. जुन्या खिळ्यावरचे मळसूत्र घालता-काढताना छिद्राच्या आतली नाजूक त्वचा खरवडते, त्यामुळे कानातून जाणारा भाग गुळगुळीत आणि सध्याच्या दांडीइतकाच जाड हवा. लांबीसाठी टोचलेल्या जागीच कानाची जाडी व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या चिमट्यासारख्या पट्टीने) मोजून घ्या आणि तीत किंचित मोकळीक धरा. मोती मूळचेच राहू द्या, आजीची खूण ती.

गाठीबद्दल एक सांगते: वरचा कान लाल, गरम होऊन ठणकू लागला आणि खालची मऊ पाळी मात्र नेहमीसारखी राहिली, तर दांडी स्वतः न काढता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.